मोठं? कशानं मोठं?

दोस्तांनो, मुंबई-गोवा महामार्गानं तुम्ही कधी कोकणात गेलात, तर पेण, वडखळ, नागोठणं अशी गावं मागं पडल्यावर सुकेळीची खिंड लागते. खिंड उतरून कोलाडच्या दिशेनं निघालात की रोहा तालुक्यातलं एक गाव येतं. खांब! नाव एवढंसं आणि गावही एवढंसंच. हे माझं गाव, बरं का!

आमच्या नाक्यावर एस.टी.ची वाट बघत उभं राहिलं की करायला दुसरं काही नसतं. मग नजर जाते फलकांवर. 'भव्य अंडरआर्म क्रिकेट स्पर्धा', 'महासेल', 'मेगा धमाका', 'जंबो वडापाव'... भव्य स्पर्धेत संघ किती? आठ! आणि जंबो वडापाव? तो दोन घासांत संपतो आणि पोट म्हणतं, 'अजून एक आण!' आपण हसतो, खातो आणि विसरून जातो. फलकावरच्या मोठेपणानं कुणाचं काही बिघडत नाही.

पण हेच शब्द अर्जात, बातमीत किंवा पावसाच्या अंदाजात आले, की हसून चालत नाही. तिथं 'मोठं' म्हणजे नक्की कशानं मोठं, हे कळावं लागतं. इंग्रजीत मोठेपणा आणि पसारा दाखवणारी विशेषणं ढीगभर आहेत. ह्यूज, व्हास्ट, मॅसिव्ह, एक्स्टेन्सिव्ह, वाइडस्प्रेड, कॉम्प्रिहेन्सिव्ह... शब्दकोशात बघाल तर बहुतेकांपुढे 'मोठा', 'प्रचंड', 'विस्तृत' असंच काहीतरी सापडेल. मग आपल्याला वाटतं, सगळे एकाच माळेचे मणी! कोणताही उचला आणि लावा. छे छे! तसं मुळीच नाही. आज त्याच्याच गप्पा मारू या.

सुरगडावरचा तास

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी सुरू व्हायचं पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी आलं ते जून २००० मध्ये. त्यामुळे आठवीत पोचलो तरी आमच्या इंग्रजीच्या पोतडीत मोठ्या वस्तूंसाठी एकच शब्द होता, तो म्हणजे 'बिग'.

खांबच्या जवळच सुरगड हा किल्ला आहे. त्याच्या पायथ्याच्या गावाचं नाव घेरासुरगड. आमच्या इंग्रजीच्या सरांनी एकदा वर्गाची सहल तिथं नेली. धापा टाकत सगळे वर पोचलो. भाकरी-चटणी खाऊन झाली आणि सर म्हणाले, "आता जे दिसतंय त्यावर इंग्रजीत पाच ओळी लिहा." झालं! सगळ्या वह्यांत थोड्याफार फरकानं तेच उतरलं. गड बिग आहे, आकाश बिग आहे, टाकं बिग आहे, खालची शेतं बिग आहेत. एका पठ्ठ्यानं तर पाचवी ओळ सुचेना म्हणून लिहिलं, 'अवर सर इज बिग!' सरांची अंगकाठी चांगली दणकट होती, त्यामुळे वाक्य काही अगदीच खोटं नव्हतं.

सर पोट धरून हसले. मग त्यांनी वही मिटली आणि मराठीतच विचारलं, "गड मोठा, आकाश मोठं, शेतं मोठी आणि मीही मोठा. आम्ही सगळे सारखेच मोठे का रे? गड कशानं मोठा आहे?"

"उंचीनं!" एकजण म्हणाला. "वजनानं, दगडानं!" दुसरा म्हणाला.

"आणि आकाश?"

आम्ही वर बघितलं. थोड्या वेळानं एक मुलगी हळूच म्हणाली, "रिकामं आहे सर. संपतच नाही."

"आणि ती शेतं?" सरांनी खाली कुंडलिकेच्या खोऱ्याकडे बोट दाखवलं. भाताची खाचरं एकाला लागून एक, लांबवर गेलेली. "पसारा आहे त्यांचा!"

"शाबास! आता सांगतो. इंग्रजी माणूस या तिघांना तीन वेगळे शब्द लावेल. गडाचा कातळ मॅसिव्ह, आकाश व्हास्ट आणि शेतांचा पसारा एक्स्टेन्सिव्ह. शब्द पाठ करू नका. आधी स्वतःला विचारा, कशानं मोठं? उत्तर मिळालं की शब्द मिळेल."

त्या तासाला आता पुष्कळ वर्षं झाली. पण तो एक प्रश्न माझ्या फार ठिकाणी कामाला आला.

शब्दांच्या पोटात शिरून बघू

सरांचं म्हणणं खरं का, हे तपासायचा एक मजेदार मार्ग आहे. शब्द कुठून आला ते बघायचं. शब्दाचं मूळ गाव कळलं की त्याचा स्वभावही कळतो, अगदी माणसांसारखा!

'मॅसिव्ह' घ्या. त्यात 'मास' आहे. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्हाला वस्तुमान म्हणून भेटतो तोच. तो लॅटिनमधून आला आणि लॅटिननं घेतला ग्रीकमधून. तिथं त्याचा अर्थ होता मळलेल्या पिठाचा गोळा! म्हणजे मॅसिव्ह म्हणताना हाताला वजन जाणवलं पाहिजे. कातळ मॅसिव्ह, धरणाची भिंत मॅसिव्ह, हत्ती मॅसिव्ह.

'व्हास्ट'ची गोष्ट याच्या उलट. लॅटिनमध्ये 'व्हास्टुस' म्हणजे ओसाड, रिकामं. 'वेस्ट लँड' म्हणजे पडीक जमीन. तो 'वेस्ट' याच कुळातला. म्हणून समुद्र, वाळवंट, आकाश यांना व्हास्ट शोभतो. तिथं नजरेला अडायला काही नसतं. आपला 'अफाट' हा शब्द त्याच्या जवळ जातो. आता मला सांगा, गच्च भरलेल्या कपाटाला व्हास्ट म्हणाल का?

'एक्स्टेन्सिव्ह' म्हणजे बाहेरच्या बाजूला ताणलेलं. आणि हे 'ताणणं' इंग्रजांना आपल्याला शिकवावं लागत नाही. लॅटिनमधला तो धातू आणि संस्कृतमधला 'तन्' हे एकाच प्राचीन मुळातून फुटलेले आहेत. आपला ताण, ताणणं, तंतू हे सगळे त्याचेच नातलग. तेव्हा एक्स्टेन्सिव्ह वापरताना डोळ्यांपुढे आणा, अंगणात चारी बाजूंनी ताणून पसरलेली ताडपत्री. वस्तू किती जड आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ती कुठवर पोचली आहे, हे तो सांगतो.

'इमेन्स' तर आपला सख्खा जुळा भाऊ! 'इ' म्हणजे नाही आणि 'मेन्स' म्हणजे मापलेलं. जे मापलं गेलं नाही ते इमेन्स. आपण काय म्हणतो? अ-माप! दोन भाषांनी एकच युक्ती केली की नाही? 'एनॉर्मस'मध्ये लपलेला 'नॉर्म' हा मुळात सुताराचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. जे नेहमीच्या मापात बसत नाही ते एनॉर्मस.

'कॉम्प्रिहेन्सिव्ह' हा शब्द बघून घाबरायला होतं. पण प्रश्नपत्रिकेत उताऱ्यावरचे प्रश्न येतात, त्याला 'कॉम्प्रिहेन्शन' म्हणतात ना? तोच हा. मूळ अर्थ, सगळं एकत्र पकडणं, कवेत घेणं. उतारा डोक्यानं कवेत घेतला तर ते आकलन. आणि एखाद्या गोष्टीत सगळी अंगं आली, काही सुटलं नाही, तर ती कॉम्प्रिहेन्सिव्ह. गाडीच्या विम्यात हा शब्द रोज भेटतो. 'थर्ड पार्टी' विमा असेल तर तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं त्याची भरपाई मिळते. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' असेल तर त्यात तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसानही येतं. इथं मोठेपणा आकाराचा नाही, काय काय आत घेतलं त्याचा आहे.

'स्वीपिंग' म्हणजे झाडणं. 'स्वीपिंग चेंजेस' म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडू फिरवावा तसे बदल. आता ऐका, आपण काय म्हणतो? "पालखीला गावातली झाडून सगळी माणसं आली!" झाडू इथंही आहेच की! पण सांभाळा. 'स्वीपिंग स्टेटमेंट' म्हणजे सगळ्यांना एकाच झाडूनं लोटणारं, विचार न करता केलेलं विधान. 'आजची मुलं वाचतच नाहीत' हे तसंच एक. ते खरं असतं, तर तुम्ही आत्ता हे काय करताय?

आणि तो 'जंबो'? तो खरोखरचा हत्ती होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात होता. मुलं त्याच्या पाठीवर बसून फेरी मारत. १८८२ साली बार्नम नावाच्या सर्कसवाल्यानं त्याला विकत घेऊन अमेरिकेला नेलं. तीन वर्षांनी बिचारा आगगाडीच्या धडकेनं गेला. पण त्याचं नाव विमानाला मिळालं, सर्कशीला मिळालं आणि वडापावलाही मिळालं! 'मेगा' हा तर ग्रीकमधला आपला 'महा'च. दोघं एकाच मुळातले. म्हणजे 'महामेगा सेल' लिहिणारा दुकानदार एकच गोष्ट दोनदा सांगत असतो.

ब्रॉड किती ब्रॉड?

काही ठिकाणी ही विशेषणं पट्टीनं मोजलेली असतात, हे ठाऊक आहे का? आपल्या रायगड जिल्ह्यातच बघा. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. तिचा मार्ग 'ब्रॉड गेज'चा. दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, कमी नाही, जास्त नाही. त्याच जिल्ह्यात १९०७ सालापासूनची नेरळ-माथेरानची झुकझुकगाडी आहे. ती 'नॅरो गेज'ची. तिच्या रुळांमधलं अंतर अवघं ६१० मिलिमीटर. रेल्वेतल्या माणसानं 'ब्रॉड' म्हटलं की तो मोघम बोलत नसतो.

भूगोलातला 'लार्ज स्केल' तर भल्याभल्यांना चकवतो. भिंतीवर जगाचा नकाशा आहे आणि तलाठ्याकडे खांबचा गावनकाशा आहे. यातला लार्ज स्केल नकाशा कोणता? जगाचा? चूक! गावाचा नकाशा लार्ज स्केल, म्हणजे बृहत्प्रमाण. कारण त्यात तुमचं शेत, विहीर, पाऊलवाट मोठी करून दाखवलेली असते. जगाच्या नकाशात अख्खं कोकण नखाएवढं होतं, म्हणून तो लघुप्रमाण. पण 'लार्ज स्केल प्रॉडक्शन' म्हणाल तेव्हा अर्थ होतो मोठ्या प्रमाणावरचं उत्पादन. शब्द तोच, पण कशानं मोठं याचं उत्तर वेगळं. म्हणून तर सरांचा प्रश्न!

दुकानाचा अर्ज

आता एक खरीखुरी हकिगत सांगतो.

माझ्या थोरल्या भावाचं किराणा मालाचं दुकान आहे. एका पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला आणि रात्रीतून पाणी दुकानात शिरलं. सकाळी शटर उघडलं तर साखरेची पोती अर्धी विरघळलेली, तांदूळ भिजून फुगलेला, कडधान्यांना वास मारू लागलेला. वहिनी एक शब्द न बोलता खराट्यानं चिखल लोटत होती. दादा नुसता उंबऱ्यावर बसून होता. दिवाळीपर्यंतचं भांडवल त्या पोत्यांत होतं हो!

एकच आधार होता. दुकानाचा विमा काढलेला होता. विम्याच्या कचेरीतून निरोप आला, झालेल्या नुकसानीचं वर्णन लिहून पाठवा, इंग्रजीत असेल तर काम लवकर होईल. घरात इंग्रजी लिहिणारी कोण? माझी पुतणी. नववीत होती तेव्हा. वर्गात इंग्रजीत पहिली यायची. तिनं रात्री जागून सुंदर अक्षरात अर्ज लिहिला. त्यात काय नव्हतं! मॅसिव्ह पाऊस, जायगँटिक पूर, व्हास्ट नुकसान, इमेन्स दुःख. दादाला त्यातलं फारसं कळलं नाही, पण एवढे दणदणीत शब्द ऐकून त्याला धीर आला. त्यानं अर्ज पाठवला.

पंधरा दिवसांनी तो परत आला. खाली कुणीतरी दोन ओळी लिहिल्या होत्या. नुकसान कोणत्या मालाचं, किती भागात आणि किती प्रमाणात, याचा बोध होत नाही.

पोरगी हिरमुसली. मला म्हणाली, "काका, मी तर डिक्शनरीतले सगळ्यात मोठे शब्द वापरले होते!"

मी म्हटलं, "म्हणूनच तर! चल, आपण दुकानात जाऊ. वही घे."

दुकानाच्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली होती. टेप लावून मोजली, जमिनीपासून ३२ इंच. मी तिला सरांचा तो प्रश्न विचारला. नुकसान कशानं मोठं? ती फळ्या बघत बघत उत्तरं द्यायला लागली. "जमिनीवरची पोती सगळीच्या सगळी गेली काका. पहिल्या दोन फळ्यांवरचाही बहुतेक माल गेला. पण वरच्या फळ्या कोरड्या आहेत. तिथले साबण, चहाचे पुडे चांगले आहेत."

"म्हणजे नुकसान दुकानाच्या सगळ्या लांबी-रुंदीत पसरलंय, पण उंचीत नाही. बरोबर? मग कोणता शब्द?"

तिनं क्षणभर विचार केला. "एक्स्टेन्सिव्ह!"

नवा अर्ज अर्ध्या पानाचा झाला. पाणी ३२ इंच चढलं. जमिनीलगतच्या मालाचं एक्स्टेन्सिव्ह नुकसान झालं. वरच्या फळ्यांवरचा माल सुरक्षित आहे. सोबत पोत्यांची यादी आणि तीन फोटो. मॅसिव्ह, जायगँटिक, व्हास्ट, इमेन्स चौघंही रजेवर गेले!

दादा मात्र काळजीत पडला. "अगं, वरचा माल चांगला आहे हे कशाला लिहिलंस? पैसे कमी नाही का मिळणार?"

पुतणी म्हणाली, "पप्पा, चांगलं काय आहे ते सांगितलं, म्हणून वाईट काय आहे त्यावर विश्वास बसेल."

मला सांगा, नववीतल्या मुलीचं हे उत्तर कसं वाटलं? पुढं पाहणी करणारा माणूस आला. त्यानं अर्ज हातात धरूनच एकेक फळी तपासली. लिहिलेलं आणि दिसणारं तंतोतंत जुळत होतं. सगळी भरपाई काही मिळाली नाही. पण बुडालेल्या पोत्यांचे पैसे मंजूर झाले आणि दुकान गणपतीच्या आधी पुन्हा उघडलं.

पाऊस सगळीकडे की पाऊस जोराचा?

दोस्तांनो, आमच्या भागात राहणाऱ्या प्रत्येकानं आणखी एका ठिकाणी ही विशेषणं नीट समजून घेतली पाहिजेत. ते ठिकाण म्हणजे हवामान खात्याचा अंदाज.

पावसाळ्यात रेडिओवर, टीव्हीवर आणि आता मोबाइलवर रोज अंदाज येतो. त्यात दोन प्रकारची विशेषणं असतात आणि लोक त्यांची हमखास खिचडी करतात. पहिला प्रकार सांगतो, पाऊस किती जागी पडेल. एखाद्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस असेल तर इंग्रजीत शब्द आहे 'आयसोलेटेड', म्हणजे तुरळक ठिकाणी. २६ ते ५० टक्के केंद्रांवर असेल तर 'स्कॅटर्ड', विखुरलेला. ५१ ते ७५ टक्के असेल तर 'फेअरली वाइडस्प्रेड', म्हणजे बऱ्याच ठिकाणी. आणि ७६ टक्क्यांपासून पुढे 'वाइडस्प्रेड', म्हणजे जवळजवळ सगळीकडे.

दुसरा प्रकार सांगतो, पाऊस किती पडेल. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे 'हेवी', मुसळधार. ११५.६ ते २०४.४ म्हणजे 'व्हेरी हेवी', अति मुसळधार. त्याच्याही वर म्हणजे 'एक्स्ट्रीमली हेवी', अत्यंत मुसळधार.

आता नीट लक्ष द्या. 'वाइडस्प्रेड' ऐकून मोठा पाऊस असं वाटतं ना? पण तो फक्त पसारा सांगतो. सगळीकडे नुसती रिमझिम झाली तरी पाऊस वाइडस्प्रेड! उलट 'आयसोलेटेड' ऐकून माणूस निश्चिंत होतो. तुरळक म्हणजे थोडासाच, असं त्याला वाटतं. पण 'आयसोलेटेड एक्स्ट्रीमली हेवी' असा अंदाज असेल तर? त्याचा अर्थ, ठिकाणं थोडी, पण जिथं पडेल तिथं आभाळ फाटल्यासारखा पडेल.

२६ जुलै २००५ चा दिवस याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण आहे. त्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझच्या केंद्रावर ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आणि त्याच मुंबईत, कुलाब्याच्या केंद्रावर? ७५ मिलिमीटरच्याही आत! एका टोकाला घरं, गाड्या, माणसं पाण्यात आणि दुसऱ्या टोकाला पावसाळ्यातला नेहमीसारखा दिवस. त्या पावसाला कुणी 'वाइडस्प्रेड' एवढंच म्हटलं असतं, तर त्यात सांताक्रूझचं खरं दुःख मावलंच नसतं.

२०० मिलिमीटरच्या वरचा पाऊस म्हणजे किती, हेही एकदा हिशेब करून बघू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे २०४.५ मिलिमीटर पावसात एका गुंठ्यावर वीस हजार लिटरहून जास्त पाणी पडतं. दहा-दहा हजार लिटरचे दोन टँकर तुमच्या एका गुंठ्यात ओतल्यासारखं! आणि असे चाळीस गुंठे मिळून होतो एक एकर. त्यात डोंगरावरून वाहून येणारं पाणी वेगळंच. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पुरात बुडालं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. आमच्या जिल्ह्यातली माणसं तो दिवस विसरलेली नाहीत. म्हणून अंदाज ऐकताना घरात कुणी म्हणालं, "तुरळकच आहे रे, काही नाही!" तर त्यांना विचारा, तुरळक ठिकाणी, पण जोर किती? तुम्ही शाळेत शिकता, इंग्रजी आणि मराठी दोन्ही वाचता. हे काम तुमचंच आहे.

पंचनाम्याचंही असंच. सरकारी नियमात 'अतिवृष्टी' म्हणजे चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस. पिकाच्या नुकसानीची मदत मिळायला ते निदान ३३ टक्के असावं लागतं. २०१५ च्या आधी ही अट ५० टक्क्यांची होती. शेतकरी कळवळून म्हणतो, "सगळं गेलं हो साहेब!" ते त्याच्या मनाचं खरं असतं. पण कागदावर त्याच्या बाजूनं उभे राहतात ते किती गुंठे आणि किती टक्के हे आकडे. ते लिहून द्यायला घरातल्या शिकलेल्या मुलानं शेजारी उभं राहायला हवं.

आपली पेटीही भरलेली आहे

हे सगळं वाचून असं समजू नका, की नेमके शब्द फक्त इंग्रजीतच आहेत. आपल्या मराठीची पेटी उघडून तर बघा! इमारत टोलेजंग, समुद्र अफाट, माळ विस्तीर्ण, यंत्र अवाढव्य, पीक भरघोस, ओसरी ऐसपैस, पत्र सविस्तर, पाठिंबा व्यापक, घोट्याला आलेली सूज भलीमोठी. आता अदलाबदल करून बघा. टोलेजंग पीक, ऐसपैस समुद्र, भरघोस इमारत! हसू आलं ना? ते आलं, कारण मराठी तुमच्या कानात आहे. इंग्रजीत 'व्हास्ट कपाट' वाचून हसू यायला लागलं, की समजा इंग्रजीही कानात उतरायला लागली.

मोल्सवर्थ या इंग्रजानं मराठीचे शब्द गोळा करून १८३१ साली मराठी-इंग्रजी शब्दकोश छापला. १८५७ साली त्याची दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली. इकडच्या पंडितांच्या मदतीनं त्यानं एकेका शब्दाच्या अर्थछटा टिपल्या. परक्या माणसानं आपल्या भाषेसाठी एवढं केलं. मग आपण त्याच्या भाषेतल्या दहा-बारा विशेषणांच्या छटा समजून घ्यायला काय हरकत आहे?

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. एका कोऱ्या पानावर चार रकाने आखा. पहिल्या रकान्यात 'वजनानं मोठं', दुसऱ्यात 'पसाऱ्यानं मोठं', तिसऱ्यात 'रिकामेपणानं मोठं' आणि चौथ्यात 'सगळं आत घेणारं' असं लिहा. मग वर्तमानपत्रात, पुस्तकात, टीव्हीवर भेटलेलं प्रत्येक मोठं विशेषण, मराठी असो की इंग्रजी, त्याच्या रकान्यात टाका. काही शब्द कुठंच बसणार नाहीत. त्यांच्यासाठी पाचवा रकाना काढा आणि त्याला नाव द्या 'जंबो वडापाव'!

रविवारपर्यंत पान भरलं, तर मित्रांना दाखवा आणि त्यांची पानं आपल्या पानाशी ताडून बघा. भांडणं होतील. एखादा म्हणेल, हा शब्द वजनाचा, दुसरा म्हणेल, छे, पसाऱ्याचा! खुशाल होऊ देत. शब्दांवरून झालेल्या भांडणात कुणाचं डोकं फुटत नाही, उलट थोडं उघडतं. मग, लागताय ना कामाला?